जामीन कोण राहणार?



गेल्या प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामाने नेहमीप्रमाणे गरजू कुटुंबांना धान्य दिले. दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर, चहापूड. पिशव्या तरुणांनी भरल्या आणि घरोघर पोचवायचे काम आम्हां चौघांकडे आले. शेवटच्या घरी एक ताई राहतात. तीन घरची धुणीभांडी करतात. नवरा सेंट्रिंगच्या कामावरून पडल्यापासून घरीच आहे. त्यांनी पिशवी घेऊन बाजूला ठेवली, आम्हांला पाणी दिले आणि म्हणाल्या, "सर, तांदूळ हाय घरात. मला सही पाहिजे हुती."

त्यांना एका सोसायटीतून तीस हजारांचे कर्ज मिळत होते. व्याज बेताचे, मुदत दोन वर्षांची. पण दोन जामीनदार लागत होते. एक भाऊ तयार होता, दुसरा मिळत नव्हता. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. दोघे पगारदार, एक पेन्शनर, एकाचे दुकान. कुणाचीही सही चालली असती. "फादरना विचारून सांगतो," असे आमच्यातला एक जण म्हणाला. त्यात फादरना विचारण्यासारखे काही नव्हते. हे त्यांनाही कळले आणि आम्हांलाही.

महिन्याभरात त्यांनी फायनान्सवाल्यांच्या गटातून पैसे उचलले. तिथे बाहेरचा जामीनदार लागत नाही; गटातल्या बायकाच एकमेकींच्या जामीन. हप्ता आठवड्याचा. जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या खर्चात दोन हप्ते चुकले, तेव्हा संध्याकाळी गटातल्या बायका दारात येऊन बसल्या. त्यांतल्या दोघी रविवारी आपल्याच मिस्सेला, याच ताईंच्या बाकावर बसणाऱ्या. आता त्या ताई मिस्सेला येत नाहीत.

हे आम्ही पापनिवेदन म्हणून लिहीत नाही, त्याची जागा वेगळी आहे. पण त्या दिवसापासून 'जामीन' हा शब्द डोक्यातून जाईना. त्याचा माग काढत गेलो तेव्हा जो इतिहास हाती लागला, त्यात आपल्या ख्रिस्ती लोकांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. म्हणून हा लेख. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी पवित्र शास्त्राकडे जाऊ. बायबल जामीनकीबद्दल एका सुरात बोलत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात तर तिच्याविरुद्ध इशारेच इशारे आहेत. शेजाऱ्यासाठी जामीन राहून बसला असशील तर डोळ्याला डोळा लागू न देता आधी त्यातून सुटून ये, असा सहाव्या अध्यायाचा सल्ला. बाविसावा अध्याय तर फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, असे बजावतो. आपल्या वडीलधाऱ्यांनीही हेच शिकवले आहे: उपाशी रहा, पण कुणाच्या कागदावर सही करू नकोस. ते चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. भावाच्या कर्जापायी घर गेलेली माणसे आपल्या गावात आहेत. बेन सिराच्या ग्रंथातला एकोणतिसावा अध्याय दोन्ही बाजू सांगतो. सज्जन माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असे तो म्हणतो; लगेच पुढे, जामीनकीने चांगली चाललेली घरे बुडवली, हेही सांगतो; आणि ऐपतीप्रमाणे मदत कर, पण स्वतः पडू नकोस, असे सुचवतो. बाजारात चार पावसाळे काढलेल्या माणसाचे बोलणे वाटते ते.

तरीही तारणाच्या इतिहासात मोक्याच्या जागी जामीनच उभा आहे. उत्पत्तीच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात दुष्काळात धान्य आणायला मिसरात जायचे असते आणि म्हातारा याकोब धाकट्या बन्यामीनला सोडायला तयार नसतो. तेव्हा यहूदा पुढे होतो आणि मी त्याचा जामीन, म्हणतो. हाच यहूदा पूर्वी योसेफाला विकून टाकायची सूचना करणारा. पुढच्या अध्यायात प्रसंग येतो तेव्हा तो शब्दाला जागतो आणि बन्यामीनऐवजी स्वतः गुलाम व्हायला उभा राहतो. संत पौल फिलेमोनला लिहितो की अनेसिमचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, असेही आवर्जून सांगतो. म्हणजे सहीच केली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर प्रभू येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. हे वाचन आम्ही मिस्सेत कितीदा ऐकले असेल. त्या घरात पाणी पिताना ते आठवले नाही.

जुन्या करारातले कर्जाचे नियमही एकदा शांतपणे वाचावेत असे आहेत. गरिबाकडून व्याज घेऊ नये, हे सर्वांना माहीत असते. पण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात बारीक बारीक गोष्टी आहेत. जाते किंवा त्याची वरची तळीसुद्धा गहाण घ्यायची नाही, कारण ते त्याचे पोट आहे. गहाण आणायला गेलास तर कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही, बाहेर उभे राहायचे. वस्तू त्याने स्वतः आणून द्यायची. अंगावर घ्यायचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचे. धर्मशास्त्राला इथे कर्जदाराच्या उंबरठ्याची काळजी आहे. दारात येऊन बसणाऱ्या वसुलीबद्दल याहून स्पष्ट बोलणे आमच्या वाचनात नाही. आणि नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकून, पोरेबाळे दास्यात देऊन ओरड करतात, तेव्हा नहेम्या त्यांना धान्य वाटून गप्प बसवत नाही. सरदारांना आणि अधिकाऱ्यांना बोलावून, गहाण जमिनी परत करा आणि व्याज सोडा, असे सांगतो आणि त्यांच्याकडून शपथ घेतो.

हे झाले वचन. त्याचा व्यवहार बसवायला माणसांना फार शतके लागली.

एक प्रयत्न इटलीतला. १४६२ साली पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या पुढाकाराने 'मोंते दी पिएता' नावाची गहाणपेढी सुरू झाली. मोंते म्हणजे डोंगर, इथे पैशाचा साठा. पिएता म्हणजे दया. गरिबाने भांडे, कपडा, अवजार ठेवावे आणि थोडक्या व्याजाने पैसे न्यावेत. व्याज का, तर कारकुनाचा पगार आणि जागेचे भाडे निघायला हवे, नाहीतर पेढी दोन वर्षांत बंद पडेल. यावर मोठा वाद झाला. डोमिनिकन पंडितांचे म्हणणे, थोडे काय नि जास्त काय, व्याज ते व्याज. अखेर १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी खर्चापुरते घेतलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे, असा निर्णय दिला. या पेढ्यांचा प्रसार करणाऱ्यांत फेल्त्रेचे बेर्नार्दिनो हे नाव मोठे आहे. पण त्यांच्या प्रवचनांत ज्यू सावकारांविरुद्ध, आणि एकूणच ज्यू समाजाविरुद्ध, पुष्कळ विष होते. ख्रिस्ती राज्यांनी त्या समाजाला बाकीचे बहुतेक धंदे बंद केले होते आणि मग सावकारीसाठी त्यालाच दोष दिला. चांगल्या कामाला लागलेला हा डाग आहे, आणि तो झाकून ही गोष्ट सांगणे बरे नव्हे.

गहाणपेढीने पैशाची किंमत कमी केली. ज्याच्याकडे गहाण ठेवायलाच काही नाही, त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यावर ज्याने उत्तर शोधले तो माणूस धर्मगुरू नव्हता, कॅथलिकही नव्हता.

फ्रिडरिष विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म १८१८ चा, पश्चिम जर्मनीतल्या हाम या गावचा. प्रॉटेस्टंट, भाविक. डोळ्यांच्या दुखण्यामुळे सैन्यातली नोकरी सोडावी लागली आणि १८४५ मध्ये ते वायरबुश भागाचे महापौर झाले. महापौर म्हटले की आपल्यापुढे लाल दिव्याची गाडी येते. हे म्हणजे काही डोंगराळ खेड्यांचे कारभारी. पुढच्याच वर्षी पिके गेली. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोक उपाशी मरायची पाळी आली. सरकारने धान्य पाठवले, पण रोख पैसे देणाऱ्यालाच द्यायचे अशी अट घालून. रोख कुणाकडे असते? रायफायझननी अट बाजूला ठेवली आणि उधारीवर धान्य दिले. गावातल्या खाऊनपिऊन सुखी लोकांकडून निधी जमवला, सामायिक भट्टी बांधली, आणि बाजाराहून बरीच स्वस्त भाकर लोकांना मिळू लागली, तीही उधारीवर.

इथपर्यंत आपल्या प्रायश्चित्तकाळातल्या पिशव्यांसारखेच आहे. फरक एवढाच की ते तिथे थांबले नाहीत.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे त्यांना दिसले की दुष्काळ गेला तरी शेतकरी मोकळा होत नाही. व्यापारी गाय उधारीवर देई. मालकी त्याची, चारा आणि राखण शेतकऱ्याची, आणि हिशेब असा की गाय म्हातारी झाली तरी फिटायचा नाही. आपल्याकडे अर्धलीने जनावर राखायला देतात ना, तसेच, पण वाटणी एकाच बाजूची. १८४९ साली साठेक सधन लोकांना एकत्र करून त्यांनी मंडळ काढले. मंडळ गुरे विकत घेई आणि शेतकऱ्याला देई. पैसे पाच वर्षांत सावकाश फेडायचे. पाच वर्षे, हे लक्षात घ्या. गाय दूध देईल, वासरू होईल, त्यातून फेड होईल, इतकी मुदत. पुढे १८५२ मध्ये ते हेडेसडॉर्फला गेले आणि १८५४ मध्ये तिथेही धर्मादाय मंडळ काढले. त्याच्या यादीत सगळेच होते: टाकून दिलेली मुले, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, गुरांसाठी कर्ज.

हे मंडळ हळूहळू थकले. सधन सभासदांचा उत्साह ओसरला. वर्षानुवर्षे द्यायचे आपण, जोखीम आपली, आणि घेणाऱ्याचा मंडळाशी संबंध फक्त घेण्यापुरता. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी उपक्रमांची हीच कहाणी नाही का? रायफायझनना हे मान्य करायला बरीच वर्षे लागली. श्रीमंतांनी गरिबांसाठी करायचे, ही त्यांची मनापासूनची ख्रिस्ती श्रद्धा होती आणि ती सोडणे त्यांना जड गेले. पण १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फचे मंडळ मोडून नव्याने कर्जपेढी उभी केली. तिचा मुख्य नियम असा: ज्याला कर्ज हवे त्याने आधी सभासद व्हायचे, आणि प्रत्येक सभासद बाकी सर्वांच्या कर्जाला जबाबदार. अमर्याद जबाबदारी. शेत, घर, गोठा, सगळ्यानिशी.

ऐकून छाती दडपते. पण यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. एकेकट्या गरिबाला शहरातला पैसेवाला उभा करत नाही. पन्नास गरिबांनी एकमेकांच्या जामीनकीचा कागद केला की तोच पैसेवाला कमी व्याजाने पैसे देतो. जामीनदार शोधत दारोदार हिंडायची वेळच येऊ नये, अशी ही रचना होती. नीतिसूत्रांचा धाक तरी खोटा नाही, म्हणून तो धाक सांभाळायला बाकीचे नियम होते. पेढीचे क्षेत्र लहान, शक्यतो एका धर्मग्रामाएवढे, म्हणजे कोण दारू पितो आणि कोण पहाटे उठतो हे सर्वांना ठाऊक. कर्ज कशासाठी हे आधी सांगायचे. कारभारी बिनपगारी, पगार फक्त हिशेबनिसाला, आणि कर्ज कुणाला द्यायचे हे ठरवण्यात त्याचा हात नाही. नफा वाटायचा नाही, तो राखीव निधीत टाकायचा आणि तो निधी कधीच कुणी वाटून घ्यायचा नाही. आपल्या भागात सोसायटी बुडाली म्हणून ठेवी गमावलेली माणसे थोडी नाहीत. त्यांनी या नियमांकडे बोट ठेवून एकेक विचारावे, यातला कोणता मोडला होता? बहुधा पहिलाच. तालुकाभर, जिल्हाभर शाखा, आणि संचालक कोण ते सभासदाला माहीत नाही.

१८६३ मध्ये रायफायझनची पत्नी वारली. स्वतःही आजारी, नजर जवळजवळ गेलेली. १८६५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढचा सारा पत्रव्यवहार आणि १८६६ चे कर्जपेढ्यांवरचे पुस्तक त्यांनी थोरल्या मुलीला, अमालीला, तोंडी सांगून लिहून घेतले. हिने लग्न केले नाही, वडिलांचे डोळे झाली. तिच्या नावाने कुठे पेढी असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १८८८ च्या मार्चमध्ये रायफायझन वारले.

आता आपल्या देशात येऊ. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खते आणि वह्या जाळल्या. तो वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा राग कागदांवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण जुने कर्ज सैल केले तरी नवे कुठून आणायचे, हे त्या कायद्याला सुचले नाही. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थाने 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली, तेव्हा सहकाराचा कायदाही देशात नव्हता. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. नावातच सगळे आले.

१८९२ मध्ये मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपात धाडले. त्यांचा अहवाल १८९५ आणि १८९७ असा दोन खंडांत निघाला. शेकडो पानांचा तो अभ्यास, पण त्याचे सार एवढेच की गावोगाव रायफायझनसारखा माणूस शोधा. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या खेड्यातल्या पतसंस्थांपैकी एक उभी राहिली ती आपल्यापासून लांब नाही. हुबळी ओलांडून गदगकडे गेले की कणगिनहाळ लागते. तेव्हा ते धारवाड जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात होते. सिद्दनगौडा पाटील या शेतकऱ्याने ती उभी केली. आमच्यातले किती जण त्या रस्त्याने लग्नाकार्याला गेले असतील, पण हे नाव कुणी दाखवले नव्हते.

आणि रांची. इथे थोडे थांबावे असे वाटते, कारण ही गोष्ट सरळ आपल्या घरची आहे. फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन, येशूसंघीय, जन्म १८५७ चा, रायफायझनच्याच ऱ्हाइन प्रांतातला. विशी गाठली न गाठली तोच भारतात आले आणि पुढे छोटानागपूरच्या मुंडा लोकांत राहिले. त्यांच्या आधी फादर कॉन्स्टंट लीव्हन्स यांनी आदिवासींना जमिनीच्या खटल्यांत मदत केली होती. हॉफमन त्याच वाटेने गेले आणि त्यांनी मुंडांची भाषा आणि जमीनधारणेची रीत मुळापासून अभ्यासली. जंगल तोडून ज्या कुळाने शेत काढले ते शेत त्या कुळाचे, ही खुंटकट्टी रीत इंग्रजी कचेऱ्यांना कळत नव्हती. १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्यात तिला जागा मिळाली, त्यात हॉफमन यांचे श्रम होते. दुसरा एखादा एवढ्यावर समाधानी झाला असता. हॉफमननी पाहिले की कायद्याने जमीन वाचते, पण पेरणीच्या तोंडावर बी नसले, घरात आजारपण आले, की माणूस पुन्हा महाजनाच्या दारात जातो आणि कायद्याच्या पाठीमागून जमीन जाते. म्हणून पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. मुंडा गावात एकमेकांना धरून राहायची जुनी सवय होती, तिच्यावरच त्यांनी ती रचली. १९१३ मध्ये सहकारी दुकानही निघाले.

मग पहिले महायुद्ध आले. हॉफमन जर्मन. १९१५ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर पाठवले आणि ते परत येऊ शकले नाहीत. तिकडे बसून ते मुंडारी भाषेच्या ज्ञानकोशावर काम करत राहिले. १९२८ मध्ये ट्रियरला वारले. कोश त्यांच्या मागून छापला गेला. संस्था मात्र त्यांच्यावाचून चालली. एखाद्या फादरची बदली झाली की त्यांनी सुरू केलेले सगळे दुसऱ्या महिन्यात बंद पडते, हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. रांचीत असे झाले नाही, कारण वही आणि पेटीची किल्ली लोकांच्या हाती होती.

आपल्या मराठी भाषक ख्रिस्ती बांधवांनीही हे केले आहे. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये काढलेली पतसंस्था म्हणजेच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिथले पाहुणे आपल्याकडे येतात तेव्हा आपण त्यांना केळी आणि सुकेळीबद्दल विचारतो. बँकेबद्दलही विचारायला हवे होते.

आता त्या ताईंच्या दारातल्या बायकांकडे परत येतो. गटातल्या सगळ्या जणी एकमेकींच्या जामीन, हीच तर रायफायझनची कल्पना. मग तीच गोष्ट इथे अशी विषारी का झाली? आम्ही यावर बराच खल केला. आम्हांला दिसते ते असे. तिकडे जो जामीन तोच पेढीचा मालक होता; कर्ज कुणाला, किती, कशासाठी हे त्याच्या समोर ठरे, व्याज उरले तर त्याच्याच राखीव निधीत जाई. इथे बायकांच्या वाट्याला फक्त जामीनकी आली आहे. पेढी दुसऱ्याची, दर दुसऱ्याने ठरवलेला, नफा दूरच्या शहरात. तिकडे मुदत गायीच्या दुधाकडे पाहून ठरे. इथे हप्ता सोमवारी, मग त्या आठवड्यात काम मिळो वा न मिळो. जामीनकीचा तोच दोर. तिकडे त्याने माणसे बांधली गेली आणि इथे शेजारीणच शेजारणीची वसुली अधिकारी झाली. हा छळ इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. तरी फायनान्सवाल्यांनाच सगळा दोष देणे आम्हांला पटत नाही. ते निदान पैसे घेऊन दारात आले होते. गल्लीतला सावकार शेकडा पाचाने देतो, म्हणजे दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी. आणि आम्ही तांदूळ घेऊन गेलो होतो.

पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात म्हटले आहे की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराला थोडे मागे टाकता येईल, स्वतःचे थोडेसे काही घेता येईल, एवढी मजुरी असावी. तीन घरची भांडी घासून मागे काय पडते, ते आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना आपण किती देतो यावरून प्रत्येकाने काढावे. हे थोडे बोचेल. आम्हांलाही बोचले.

गेल्या आठवड्यात आम्ही चौघे पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी हात मोकळेच होते. सहीचे काम राहून गेले त्याबद्दल माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला. फायनान्सचे अजून निम्म्याहून जास्त फिटायचे आहे. आमच्यातल्या पेन्शनर काकांनी सोसायटीचा फॉर्म सोबत आणला होता, दुसऱ्या जामीनदाराच्या जागी सही करून. त्यांनी तो ठेवून घेतला, भावाशी बोलते म्हणाल्या. मग आम्ही सांगितले की धर्मग्रामातल्या पंधरा-वीस घरांनी मिळून बचत गट काढायचे मनात आहे, आधी सहा महिने नुसती बचत, कर्ज नंतर, आणि ज्यांना कर्ज लागत नाही अशा पगारदारांनीही त्यात सभासद म्हणूनच यायचे, देणगीदार म्हणून नाही. हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर वाचायचा. त्यांनी सगळे ऐकून घेतले. आपल्या बायका भिशी चालवतातच की, त्यात नवीन काय, असेही म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "येते मी. पण त्या दोघींनाबी बोलवा. त्यांचाबी हप्ता सोमवारीच असतोय."

त्या दोघींना निरोप गेला आहे. येत्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर सभागृहात बसायचे आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. वही आणि शिक्का आम्ही आणतो. हिशेबनीस कोण होणार, ते तिथेच ठरेल.